झिऱ्यापाशी तीन मिनिटं

मॅडम कुणाला रस्ता सांगत नसत. जळगावला आम्ही एकदा दुपारचा चहा पिऊन परत येत होतो, तर घामाने निथळणाऱ्या एका गृहस्थांनी सुटकेस सावरत विचारलं, "ताई, स्टेशन कुणीकडे?"

मॅडम थांबल्या. "तुम्हाला काय वाटतं, कुणीकडे असेल?"

"अहो गाडी आहे माझी. वीस मिनिटं राहिलीत."

"मग जरा ऐका ना. भोंगा कुठून येतोय?"

गृहस्थांनी हताश होऊन माझ्याकडे पाहिलं. मी मॅडमच्या पाठीमागून हळूच उजवीकडे बोट दाखवलं. ते पळत सुटले. मॅडमचा चेहरा खुलला. "बघ," त्या म्हणाल्या, "सापडलं ना त्यांचं त्यांना!"

मी काही बोलले नाही. त्यांच्यासमोर न बोलायची सवय मला धुळ्यापासूनच होती.

धुळ्याच्या पॉलिटेक्निकला त्या आम्हाला प्रोग्रॅमिंग शिकवायच्या. फळ्यावर एक गणित लिहायचं आणि लॅबच्या बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या खिडकीशी उभं राहायचं, ही त्यांची शिकवण्याची पद्धत. गळ्यात पीटीच्या मास्तरांसारखं स्टॉपवॉच, हातात भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी. आत आम्ही डोकं फोडून घ्यायचो. कुणी अगदी रडकुंडीला आलं, की नेमक्या त्या क्षणी त्या आत यायच्या, त्याला एकच प्रश्न विचारायच्या आणि पुन्हा बाहेर. त्या प्रश्नाने गाठ सुटायची. पुढे कॉलेजने परीक्षेआधी नमुना उत्तरं वाटायचं फर्मान काढलं, तेव्हा मॅडमनी त्याच कागदाच्या पाठीमागे राजीनामा लिहून दिला.

त्यांना स्टॉपवॉच कशालाही लागायचं. चहा उकळायला, लाईट गेल्यावर यायला, माणसाचा राग उतरायला. "तुझा रुसवा बारा मिनिटांचा असतो," असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. मी पुढच्या वेळी मुद्दाम अर्धा तास रुसले, तर म्हणाल्या, "शेवटची अठरा मिनिटं खोटी होती."

नोकरी सोडल्यावर अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांनी जळगावला एका चष्म्याच्या दुकानावरची खोली घेतली आणि व्हिडिओ गेम बनवायला बसल्या. कोड लिहायला प्रशांत होता, धरणगावचा, माझ्या दोन वर्षं पुढचा. पुण्याची नोकरी त्याने मॅडमसाठी दोनदा नाकारली होती. चित्रं माझी. मी पाचोऱ्याहून पॅसेंजरने यायचे-जायचे. वडिलांनी मला एक वर्षाची मुदत दिली होती. गेम चालला तर चालला, नाही तर बँकेच्या परीक्षेला बसायचं.

गेम होता पाण्याचा. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यातली बाई उन्हाळ्यात पाणी शोधायला निघते, एवढीच गोष्ट. कुठल्या झाडाखाली ओल असते, मुंग्या कुठून येतात, पाखरं कुठे उतरतात, हे बघत बघत कोरड्या नदीत यायचं आणि वाळूत झिरा खणायचा. मॅडमचं बालपण शिरपूरच्या वर अशाच एका गावात गेलेलं. वाळूत हातभर खड्डा केला की तळाशी ओल दिसते. मग हात लावायचा नाही. हात लावला की गढूळ होतं, पुन्हा पहिल्यापासून बसावं लागतं. त्यांची आई सांगायची, "हात नको लावू वं, पानी येस." पाणी येतं.

गेममध्येही तसंच होतं. झिरा खणल्यावर तीन मिनिटं काहीही करायचं नाही. तळाची ओल हळूहळू गडद होत जाते आणि तीन मिनिटं भरली की पाणी चमकतं. मधे एक जरी बटण दाबलं, तरी पाणी गढूळ आणि मोजणी शून्यावर. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. ओलीचा रंग मीच केला होता आणि तो इतका नाजूक बदलायचा की डोळे बारीक केल्याशिवाय दिसायचा नाही. मला त्याचा अभिमान होता.

पहिल्यांदा झिऱ्याला पाणी लागलं त्या दुपारी मॅडम पडद्यासमोरून उठल्याच नाहीत. चष्मा काढून बसून राहिल्या.

प्रशांतने तेव्हाच सुचवलं होतं. "मॅडम, एक ओळ टाकू या का? 'थांबा, पाणी येईल.' बस, एवढीच."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, कॉम्प्युटर बंद केला आणि घरी गेल्या. चार दिवस त्या त्याच्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. त्याने हाक मारली की खिडकीबाहेर बघायच्या. पाचव्या दिवशी आल्या त्या रोजच्यासारख्या, शेंगदाणे घेऊन. ओळीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

गेम बाहेर पडायच्या महिनाभर आधी तो अनोळखी लोकांकडून खेळून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मॅडम स्वतः येणार नव्हत्या. "मी मागे उभी राहिले तर ते माझ्याकडे बघतील," म्हणाल्या. मी नऊ जणं जमवली. कुणी मैत्रिणीच्या होस्टेलवरचं, कुणी आमच्या गल्लीतलं. सगळ्यांना सुरुवात आवडली. ऊन आवडलं, मुंग्या आवडल्या. आणि नऊपैकी आठ जण झिऱ्यापाशी उठले. कुणी मिनिटभर बटणं दाबली, कुणी दोन मिनिटं. एकाने माऊस आपटला. एकजण मला समजूत घातल्यासारखं म्हणाला, "होतं असं. दुरुस्त करा आणि मग बोलवा."

नववी माझी आई. तिने आयुष्यात पहिल्यांदा माऊस धरला होता. झिरा खणून झाल्यावर तिने हात मांडीवर ठेवले. "हाऊ झिरा शे. थांबनं पडी," थांबावं लागेल, असं म्हणाली आणि भिंतीवरच्या पालीकडे बघत बसली. पाणी आलं तेव्हा तिला काहीच नवल वाटलं नाही.

त्या संध्याकाळी मी रिपोर्ट लिहायला बसले. खरं लिहिलं तर काय होईल ते मला दिसत होतं. मॅडम कॉम्प्युटर बंद करतील आणि या वेळी चार दिवसांनी परत येतील की नाही कोण जाणे. गेम पुढे ढकलला जाईल, माझं वर्ष संपेल. मी लिहिलं, "झिरा लोकांना वेगळा वाटतो. पाणी आल्यावर आनंद होतो." पहिलं वाक्य आठ जणांना लागू होतं, दुसरं कुणालाच नाही. मॅडमनी कागद दोनदा वाचला. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. मी पाण्याची बाटली भरायला उठून गेले.

मे महिन्यात गेम बाहेर पडला. पहिल्या तीन दिवसांत कुणी काही बोललं नाही. चौथ्या दिवशी, रविवारी, पुण्याचा एक खेळाडू तो लोकांसमोर थेट खेळणार असल्याचं कळलं. हा माणूस खेळत असताना हजारो लोक बघत असतात. त्याने चांगलं म्हटलं की छोटे गेम तरून जातात, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

दुपारी तीनला आम्ही तिघं त्या खोलीत बसलो. बाहेर जळगावचं ऊन पांढरं झालेलं. लाईट गेलेली, कूलर बंद, इन्व्हर्टरवर एकच पडदा चालू. मॅडम उभ्या होत्या.

सुरुवात अशी झाली की प्रशांतने माझा हात घट्ट धरला. "काय ऊन काढलंय भावांनो!" तो खेळाडू म्हणाला. "मला इथे तहान लागली राव!" तो मुंग्यांच्या मागे गेला. पाखरं बघून थांबला. आमच्या आठ जणांपेक्षा तो हुशार होता, वीस मिनिटांत नदीत उतरला. त्याने झिरा खणला. तळाशी ओल दिसली.

मॅडमनी स्टॉपवॉच दाबलं.

"आता काय?" तो म्हणाला. बटण दाबलं. गढूळ. मॅडमनी पुन्हा शून्यावरून सुरुवात केली. तो दहा सेकंद थांबला, पुन्हा दाबलं. मग चार-पाच बटणं एकदम. "हँग झालाय का हा?" पडद्याच्या कडेला बघणाऱ्यांनी लिहिलेल्या ओळी धावायला लागल्या. हँग आहे, हँग आहे, सोड.

प्रशांतने कीबोर्ड पुढे ओढला. "मॅडम, मी लिहितो. नुसतं 'थांबा' लिहितो."

"नको."

"तो वाचेल मॅडम! एक शब्द फक्त..."

"नको म्हटलं ना." आणि त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

तेवढ्यात तिकडे तो खेळाडू म्हणाला, "थांबा, मीच पाणी पिऊन येतो," आणि उठून गेला.

त्याची खुर्ची रिकामी झाली. पडद्यावर आमची बाई झिऱ्याशी वाकलेली. कुणीही बटणाला हात लावत नव्हतं. मिनिट झालं. दीड झालं. माझी ओल गडद होत होती, मला दिसत होती. दोन मिनिटं. प्रशांत पुटपुटायला लागला, "येऊ नको रे, येऊ नको." दोन वीस. बघणारे विनोद करत होते. दोन चाळीस. तिकडे दार वाजलं, तो हातात ग्लास घेऊन आला आणि बसला. "अजून तसंच?" म्हणाला आणि बटण दाबलं.

मॅडमनी हातातलं घड्याळ बघितलं. दोन मिनिटं त्रेपन्न सेकंद.

"बंद पडलाय भावांनो. मेहनत दिसतेय पण अर्धवट आणलाय. असं करू नये." त्याने गेम बंद केला आणि दुसरा लावला.

त्यानंतरचा आठवडा सगळे शेरे एकाच सुरात आले. अर्धवट. वीस मिनिटांनंतर चालत नाही. घेऊ नका. घेतलेला गेम दोन तासांच्या आत परत करता येतो, तसे बहुतेकांनी परत केले. प्रशांत कोडमध्ये नसलेली चूक शोधत बसला होता, लोकांच्या कॉम्प्युटरवर ओल गडद होतच नसेल म्हणून, कारण माझ्या रिपोर्टवरून त्याच्या मते नऊच्या नऊ लोकांनी झिरा पार केला होता. गुरुवारी त्याला तसं शोधताना बघणं मला सहन झालं नाही.

"मॅडम," मी म्हटलं, "टेस्टिंगला आठ जण तिथेच उठले होते. मी खोटं लिहिलं."

मॅडमनी शेंगदाण्यांची पुडी बाजूला ठेवली. "माहीत आहे."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"कोण कुठे सोडून गेलं याची नोंद गेम स्वतःच ठेवतो, ती फक्त माझ्याकडे येते. त्याच संध्याकाळी मी वाचली. आठ जण एकाच जागी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबले."

प्रशांत उठून उभा राहिला. "म्हणजे," तो अगदी हळू म्हणाला, "तुम्हा दोघींना माहीत होतं?"

त्याने टेबलावरचं हेल्मेट उचललं आणि जिना उतरून गेला. खाली गाडी सुरू व्हायला तीन किका लागल्या. त्या तिन्ही आम्ही ऐकल्या.

मग मी ओरडले. मॅडमवर ओरडेन असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. "हे प्रॅक्टिकल नव्हतं मॅडम! मी तुमची विद्यार्थिनी नव्हते इथे! त्याची दोन वर्षं होती यात, आणि तुम्ही माझी परीक्षा घेत बसलात? लॅबमध्ये खिडकी होती तुम्हाला. रडायला आलेल्या पोराला तुम्ही बघत होतात, म्हणून आत येत होतात. घरोघरी बसून हा गेम खेळणाऱ्या माणसाच्या खिडकीशी कोण उभं होतं? मी होते. आणि मला तुमची भीती वाटत होती!"

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. स्टॉपवॉच गळ्यात होतं, पण त्याला हात लावला नाही.

"तू सांगशील म्हणून थांबले, हे अर्धंच खरं," त्या म्हणाल्या. "उरलेलं अर्धं असं, की तुझा रिपोर्ट खरा असावा असं मला फार वाटत होतं. नोंद वाचली आणि तुझा कागद वर ठेवला. रोज तोच वाचला." मग त्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "आता काय करू, सांग."

मला राग तसाच होता. पण मी म्हटलं, "बघायला चला."

त्यांचा एक जुना विद्यार्थी दोंडाईच्याला स्टेशनजवळ कॉम्प्युटर क्लास चालवायचा. पुढच्या सोमवारी आम्ही तिथे गेलो. येईल त्याला गेम खेळायला दिला आणि मॅडम मागे स्टुलावर बसल्या. एक धान्याचे व्यापारी आले, दोन कॉलेजच्या मुली, शेजारच्या ब्युटी पार्लरच्या ताई. सगळे झिऱ्यापर्यंत आले. ताई सर्वात जास्त थांबल्या, जवळजवळ दोन मिनिटं. मग मागे वळून अपराध्यासारख्या म्हणाल्या, "मॅडम, माझ्याकडून काहीतरी बिघडलं वाटतं." मॅडमचा चेहरा त्या वाक्याने उतरला तसा त्या पुण्याच्या खेळाडूच्या बोलण्यानेही उतरला नव्हता.

"तुमच्याकडून नाही ताई," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून."

परतीच्या गाडीत त्या खिडकीशी गप्प बसून होत्या. अमळनेर गेलं. धरणगाव आलं तशा एकदम उठल्या. "चल, उतर." मी पिशव्या गोळा करेपर्यंत त्या प्लॅटफॉर्मवर होत्या.

प्रशांतच्या आईने पाणी दिलं. तो दारातच उभा राहिला, आत आला नाही. मॅडम खुर्चीवरून उठून त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"चुकलं माझं. तुझी ओळ ऐकायला हवी होती. आणि जे माहीत होतं ते तुला सांगायला हवं होतं."

"ओळ नव्हती ऐकायची तर नव्हती, मॅडम," तो म्हणाला. "पण मी चार दिवस माझी चूक शोधत होतो. तुम्ही समोर बसून बघत होतात."

मॅडमनी मान खाली घातली. त्याच्या आईला काही कळत नव्हतं. ती म्हणाली, "बसा ना वं बाई, उभ्या कसाले?" पण कुणी बसलं नाही.

तो दुसऱ्या दिवशी आला. मॅडमना माफ केलं म्हणून नव्हे. "त्यात माझं नाव आहे," एवढंच माझ्याजवळ म्हणाला. वीस दिवस आम्ही काम केलं. ओळ शेवटी टाकलीच नाही. झिरा खणून झाला की आमची बाई आता घागर बाजूला ठेवते, उकिडवी बसते, पदराने मान पुसते. कुणी बटण दाबलं की ती न बघताच हात आडवा करते, थांब म्हणून. ओलीचा रंग मी दुप्पट गडद केला. दोंडाईच्याच्या ताईंना पुन्हा बोलावलं. त्या थांबल्या. पाणी चमकलं तेव्हा त्यांनी टाळी वाजवली आणि मॅडम उठून बाहेर गेल्या.

दुरुस्त केलेला गेम बाहेर पडला आणि कुणी आलं नाही. पहिल्या आठवड्यात बंद पडणारा म्हणून ज्याचं नाव झालं, तो नीट झालाय हे सांगायचं कुणाला? परत गेलेले लोक दुसऱ्या गेमकडे गेले होते. त्या पुण्याच्या खेळाडूला प्रशांतने पत्र लिहिलं. त्याने सभ्यपणे आभार मानले. एका कुणा परीक्षकाने बऱ्याच महिन्यांनी लिहिलं की झिऱ्याचा प्रसंग त्याने पाहिलेल्या सर्वात सुंदर प्रसंगांपैकी आहे. ते वाचेपर्यंत खोली आम्ही सोडली होती आणि प्रशांत पुण्याला रुजू झाला होता. तो मॅडमशी फोनवर बोलतो, दिवाळीला येत नाही. मी बँकेची परीक्षा दिली, नापास झाले आणि जळगावातच जाहिरातींची चित्रं काढायला लागले. मॅडम धुळ्याला परतल्या आणि घरी शिकवण्या घेऊ लागल्या.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. "ये. एक दाखवायचंय."

नवीन छोटा गेम होता, एकटीने केलेला. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः मागे वही घेऊन बसल्या. मी खेळायला लागले. दहा मिनिटांनी मला कळेना की काय करायचंय. मागे हालचाल नव्हती. 'छान आहे' हे शब्द माझ्या अगदी ओठांवर होते. इतकी वर्षं झाली तरी त्या बाईसमोर खरं बोलायचं म्हटलं की मला आधी खोटंच सुचतं.

"मॅडम, मला कळत नाहीये," मी पडद्याकडेच बघत म्हटलं. "आणि खरं सांगू? कंटाळा आला."

पेन चालल्याचा आवाज आला.

"कुठपासून?"

"पुलापासून."

"त्याआधी नाही?"

"आधी पण. थोडा."

"थोडा म्हणजे किती, नीट सांग." त्यांचा आवाज कोरडा होता, पण पेन तयार होतं.

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली आणि पहिल्या पडद्यापासून सांगायला लागले.